एकशे त्रेसष्टमधली सुटलेली ओळ

बीडहून केजकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसता येऊन चालत नाही, मावता यावं लागतं. त्या सोमवारी आम्ही चौदा जण मावलो होतो. चिंचफाट्यावर जीप पुन्हा थांबली आणि दारातून एक उंच, सावळा तरुण आत डोकावला.

"जरा सरका की ताई… आमी दोघं हाय."

दोघं? मी मान वर केली. त्याच्या मागे कुणीच नव्हतं. मग दिसलं — त्याच्या शर्टाच्या दोन बटणांमधून एक काळं करडू तोंड बाहेर काढून, अगदी गंभीरपणे, आम्हा सगळ्यांकडे बघत होतं.

मी सरकले. कुठे सरकले ते विचारू नका. तो शेजारी बसला आणि दोन मिनिटांत करडाने माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरलं.

"अहो, ओढणी खातंय ते!"

"खात न्हाई. चव बघतंय."

"आणि आवडली तर?"

"तर खाईल," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला.

आता खरं सांगायचं, तर मी रागावणारी बाई आहे. रिक्षावाल्यांपासून आत्याच्या शेजारणीपर्यंत सगळ्यांना ते माहीत आहे. पण त्या हसण्यावर रागावताच येईना… मी नुसती ओढणी सोडवत राहिले, आणि ते करडू सोडेना.

"आजारी आहे का?"

"पोट फुगलंय. केजच्या दवाखान्यात चाललो."

"तुमचं आहे?"

"मावशीचं. म्हणजे, आई दुसऱ्याची हाय, लेकरू मावशीचं."

"असं कसं? आईचा मालक वेगळा आणि लेकराचा वेगळा?"

"असतंय की आमच्याकडं. लंबी कहाणी हाय."

मी तेव्हाच ती कहाणी विचारायला हवी होती. विचारली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माझं लक्ष त्याच्या हातांकडे होतं. नखं कडेने हिरवी झाली होती.

"रंगकाम करता?"

"तुतीचा पाला तोडतो. रेशमाच्या अळ्या पाळल्यात. लाखभर असतील… नावं अजून ठेवली न्हाईत."

सगळी जीप हसली. मी तर जरा जास्तच हसले. कॉलेजच्या थांब्यावर उतरले तेव्हा ओढणीचं एक टोक ओलं होतं, आणि त्याचं नाव विचारायचं राहून गेलं होतं.

मी सायली. माहेर गेवराईचं, राहते बीडला आत्याकडे, आणि केजच्या अलीकडच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना व्यवसाय कायदा शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर मी प्राध्यापक, नाही झाला तर जीपमधली एक प्रवासी. कायदा मला मनापासून आवडतो. त्यात प्रत्येक शब्द जागेवर असतो, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला की माणसाचं सगळं इकडचं तिकडे होतं. हे वाक्य मी दर वर्षी पहिल्याच तासाला वर्गाला ऐकवते.

त्या दिवशी बेलमेंट होतं. आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात सांभाळायला द्यायची, काम झालं की परत घ्यायची. करार कायद्याचं कलम एकशे त्रेसष्ट. सांभाळायला दिलेल्या वस्तूत जी काही वाढ होईल, ती मालकाला परत द्यायची. पुस्तकात उदाहरण गाईचं आहे. गाय सांभाळायला दिली, तिला वासरू झालं, तर गाईबरोबर वासरूही मालकाचं.

पण कलमाची सुरुवात अशी आहे — "उलट करार नसेल तर". त्या चार शब्दांवर सगळं उभं आहे. दोघांनी आपसात वेगळं ठरवलं असेल तर ठरलेलं खरं, कलम नंतर. मला हे झोपेतसुद्धा पाठ आहे.

फळ्यावर मी गाईच्या जागी 'शेळी' लिहिलं, आणि दोन बटणांमधलं ते काळं तोंड डोळ्यांसमोर आलं. त्याच्यामागून हिरवी नखं… ते हसणं… आणि ती ओळ सुटली. सरळ सुटली. मी ठणकावून सांगितलं, "शेळी ज्याची, करडं त्याची. विषय संपला."

मागच्या बाकावरून मनिषाने हात वर केला. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, वर्गातली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी.

"मॅडम, पण आमच्याकडं शेळी अर्धलीनं देतात. मग करडं—"

"मनिषा, पेपरात 'आमच्याकडं' असं लिहिलंस तर मार्क मिळत नसतात."

वर्ग हसला. मनिषा खाली बसली. हे आठवलं की मला आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. पहिल्या बाकावर बसणाऱ्या रविराजने मात्र वहीत ठळक अक्षरात लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पुढचे आठ दिवस मी जीपमध्ये खिडकीची जागा धरून बसायचे. चिंचफाटा आला की उगाच ओढणी नीट करायचे. तो चढला नाही.

नवव्या दिवशी तो आला. थेट वर्गाच्या दारात.

"शेळीचा कायदा शिकवणाऱ्या मॅडम कोण हाय?"

आवाजाने सत्तर माना वळल्या. मी खडू हातात धरून म्हणाले, "मी."

त्याने बघितलं. आधी ओळख आली चेहऱ्यावर, मग राग परत आला, आणि दोघांची जरा वेळ झटापट झाली. शेवटी राग जिंकला.

"तुमी? तुमच्या कलमानं आमच्या मावशीची दोन करडं नेली, मॅडम."

"माझ्या कलमाने?"

"सुंदररावाची शेळी दोन वर्षं मावशीकडं अर्धलीनं हाय. एक वेत मालकाचं, एक वेत पाळणाऱ्याचं. पहिल्या वेताचे दोन बोकड तो घेऊन गेला. आता दुसरं वेत, दोन माद्या, मावशीच्या. परवा आला आन् शेळीसकट तिन्ही घेऊन गेला. म्हणतोय, पोराला कॉलेजात शिकिवलंय, करडं मालकाची. शेळी त्याची हाय, नेली तर नेली. पण करडं कावून?"

सुंदरराव म्हणजे रविराजचे वडील. रविराज बाकाखाली जितका जाता येईल तितका गेला होता.

इथे मी चूक कबूल करायला हवी होती. मी काय केलं? मी हनुवटी वर केली.

"कायदा कुणाच्या रागावण्यानं बदलत नाही."

"बदलू नका. फकस्त वाचून दाखवा."

मी पुस्तक उघडलं. कलम एकशे त्रेसष्ट. पहिलेच चार शब्द. सत्तर मुलं, दारात तो, आणि मनिषाचे माझ्यावर रोखलेले डोळे… मी पुस्तक मिटलं.

"तास संपलाय," मी म्हणाले. तास संपायला बारा मिनिटं होती.

त्याला कळलं. काय कळलं ते मला नाही सांगता यायचं, पण त्याचा आवाज एकदम खाली आला. "बरं," तो म्हणाला, "अळ्यांना पाला टाकायची वेळ झाली. न्हाईतर थांबलो असतो." आणि गेला. त्याने ओरडायला हवं होतं. ओरडला असता तर मला रागावता तरी आलं असतं.

त्या रविवारी मी चिंचफाट्यावर उतरले. आत चिंचवाडीपर्यंत तीन किलोमीटर. पाऊस महिनाभर पडून नुकताच थांबला होता, सोयाबीन पिवळं पडत होतं, आणि रस्त्यावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. अर्ध्या वाटेत मागून मोटारसायकल आली. मोटारसायकल म्हणजे नुसता हिरवा ढीगच. त्या ढिगातून त्याचं डोकं वर आलं.

"मॅडम, चिंचवाडीत कॉलेज न्हाई."

"माहीत आहे. तुमच्या मावशींकडे जायचंय."

"आता काय न्यायचं राह्यलंय?"

लागलं. लागायलाच हवं होतं. मी रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी चुकीचं शिकवलं. अर्धं कलम शिकवलं. मावशी बरोबर आहेत, मनिषा बरोबर होती, तुम्ही बरोबर होतात. त्या दिवशी पुस्तक उघडल्यावर मला दिसलं आणि मी… मी मिटलं."

त्याने गाडी बंद केली. कुठेतरी टिटवी ओरडत होती.

"हे म्हणायला तीन किलोमीटर चालत निघालात?"

"चार जरी असते तरी निघाले असते. पाचला विचार केला असता."

तो हसला. तेच हसणं, आठ दिवस चिंचफाट्यावर शोधलेलं. त्याने पाल्याचा एक भारा उचलून स्वतःच्या पुढ्यात घेतला आणि मागे वीतभर जागा केली. "बसा. मी परमेश्वर. त्या दिवशी नाव सांगायचंच राह्यलं, भांडायच्या नादात."

"मी सायली," म्हणत मी बसले. पाल्याचा ओला, कच्चा वास नाकात शिरत होता. थोडं पुढे गेल्यावर तो मान न वळवता म्हणाला, "एक विचारू? एवढी महत्त्वाची ओळ… तुमच्याकडून सुटली कशी?"

"सुटली."

"तुमी तर एकेक शब्द मोजून बोलणाऱ्या दिसता."

"सुटते कधी कधी. समोर बघून चालवा ना!"

बरं झालं तो समोर बघत होता. माझे कान तापलेले त्याला दिसले नाहीत.

मावशी, म्हणजे दगडाबाई, दारातच बसल्या होत्या. वाळक्या अंगाच्या, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं, आणि डोळे मात्र पोरीसारखे चलाख. परमेश्वरची आई लवकर गेली. त्याला वाढवलं यांनीच. अंगणात खुंटी तेवढी होती, दावं सोडलेलं होतं.

त्यांनी चहा ठेवला. कोरा.

"दूध न्हाई बाई," त्या म्हणाल्या, आणि खुंटीकडे बघितलंसुद्धा नाही.

असा चहा मी आयुष्यात प्यायले नव्हते. घोटागणिक अपराधी वाटत होतं. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मधूनच मान हलवत होत्या.

"तुमी शिकिवलं त्यातलं त्यानं सोईचं तेवढं घेतलं," त्या म्हणाल्या.

"नाही मावशी. मी तेवढंच शिकवलं होतं."

मग त्यांनी सांगितलं, अगदी साध्या आवाजात. दोन सालं झाली, त्या ऊसतोडीला गेल्या नाहीत. या दोन माद्या मोठ्या झाल्या की स्वतःच्या दोन शेळ्या, मग वर्षाला चार करडं. कोयता कायमचा खाली. आता मुकादम येऊन विचारून गेलाय. दसऱ्याच्या आत करडं परत आली नाहीत, तर त्या टोळीबरोबर निघणार. वय साठीच्या पुढे. दसऱ्याला अठरा दिवस होते.

परमेश्वर खांबाला टेकून उभा होता. "मी म्हणतो तुला, माझ्याकडं बस म्हणून."

"तुझ्याकडं बसून काय करू? अळ्यांशी बोलू?" त्या म्हणाल्या. "मला माझं पायजे."

मला ही बाई आवडली. इतकी आवडली की विचार न करता बोलून गेले.

"मावशी, तुम्ही आमच्या वर्गात याल? अर्धली कशी असते ते शिकवायला? मी चुकीचं शिकवलंय, तुम्ही बरोबर शिकवा. सुंदररावांनाही बोलावते. रविराज आणेल त्यांना."

दगडाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग परमेश्वरकडे वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरी काळजी दिसली.

"कॉलेजात? आरं, मग नेसू काय?"

बुधवारी दहा वाजता वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. सुंदरराव पांढऱ्या शुभ्र फेट्यात आले होते. सत्कार आहे अशी त्यांची समजूत असावी, कारण बसताना त्यांनी नारळाची पिशवी दिसते का हे दोनदा बघितलं. दगडाबाई हिरव्या काठाच्या जरीच्या लुगड्यात. शेवटच्या बाकावर डायरेक्टर सर, कारण कुणीतरी त्यांना 'पालक भेट' म्हणून सांगितलं होतं. आणि खिडकीशी उभा परमेश्वर. इस्त्रीचा शर्ट, नखं घासून घासून पांढरी केलेली. मी बघितलं नाही. म्हणजे एकदाच बघितलं.

तासिकेवरच्या माणसाने डायरेक्टरांसमोर चूक कबूल करणं म्हणजे पुढच्या सत्राच्या तासांवर पाणी सोडणं. हे मला माहीत होतं. मी फळ्यावर कलम एकशे त्रेसष्ट पूर्ण लिहिलं आणि पहिल्या चार शब्दांखाली रेघ मारली.

"हे शब्द मी तुम्हाला शिकवले नाहीत," मी म्हणाले. "मी चुकले. मनिषाने तेव्हाच विचारलं होतं, आणि मी तिला हसून गप्प बसवलं. मनिषा, मला माफ कर. मागच्या आठवड्यात कलम वाचून दाखवायला सांगितलं, तेव्हाही मी लपवलं. ती दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी."

मी खडू खाली ठेवला.

"आता आज शिकवायला दगडाबाई आल्यात. त्यांनी सात शेळ्या अर्धलीने वाढवल्यात. आपण एकही नाही."

दगडाबाई उठल्या. फळ्याकडे गेल्या नाहीत. सरळ सुंदररावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सुंदरराव, दोन सालामागं तुमी माझ्या दारात शेळी घेऊन आलता. आठवतंय?"

"आठवतंय की."

"दावं माझ्या हातात देताना काय म्हणला होता?"

सुंदररावांनी फेट्यावरून हात फिरवला. "तोंडी बोलणं ते, दगडाबाई. तोंडी बोलण्याला काय किंमत? कागद कुठं हाय?"

मी बोलणार एवढ्यात मागून आवाज आला. मनिषा उभी होती.

"तोंडी करारपण करार असतो काका. पहिल्या चाचणीला होता हा प्रश्न. पाच मार्काला."

"होता," अख्खा वर्ग एकदम म्हणाला.

सुंदररावांनी पोराकडे बघितलं. रविराज कधीचा मान खाली घालून होता. तो हळूच म्हणाला, "अण्णा… मी होतो तवा. तुमी म्हणला होता, एक वेत माझं, एक वेत तुझं. मी ऐकलंय."

कायद्यात साक्षीदार महत्त्वाचा असतो हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले. बापासमोर साक्ष देताना पोराचा आवाज कसा कापतो, हे मात्र त्या दिवशी ऐकलं.

सुंदरराव माणूस वाईट नव्हता. पोरगं शिकलं याचा त्यांना इतका अभिमान होता, की त्याने आणलेली पहिली विद्या त्यांनी लगेच वापरून टाकली होती. शेवटी त्यांनी मांडीवर थाप मारली.

"म्हणलो होतो. म्हणलो होतो तर म्हणलो होतो. पोराला खोटं पाडून मला करडं नकोत." मग माझ्याकडे वळले. "पण मॅडम, एवढी फी घेता तुमी… आन् अर्धंच शिकिवता व्हय?"

वर्गात हशा फुटला. मीही हसले, डोळे पुसत हसले. दगडाबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी सुंदररावांना विचारलं, "आन् शेळी?" सुंदरराव म्हणाले, "ती बी घेऊन जा. तुझ्याबिगर दूध देईना ती. पुढलं वेत माझं, ध्यानात ठेव." तेव्हा कुठे त्या खाली बसल्या, आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ तशाच राहिल्या.

डायरेक्टर सर जाता जाता माझ्याजवळ थांबले. "मॅडम, चुका अशा सगळ्यांसमोर सांगायच्या नसतात," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण तास चांगला झाला." पुढच्या सत्राचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

गर्दी ओसरली. परमेश्वर खिडकीशीच होता.

"मॅडम," तो म्हणाला, "लई लोक बघितलेत मी. सोताचं चुकलेलं इतकं छान सांगणारं कुणी बघितलं न्हाई."

"कौतुक आहे का टोमणा?"

"दोन्ही. पर माझा प्रश्न तसाच राह्यला. ओळ सुटली कशी?"

"तुम्हाला अळ्यांना पाला टाकायचा नाही का?"

"टाकायचाय," तो घड्याळ बघून दचकला आणि पळाला. दारातून परत वळून म्हणाला, "रविवारी मावशीनं बोलवलंय. दुधाचा चहा हाय!"

त्या रविवारी मी जे केलं ते मी कधी कॉलेजच्या स्नेहसंमेलनालाही केलं नव्हतं. निळा ड्रेस इस्त्री केला. केसांत मोगऱ्याचा गजरा माळला. आत्याच्या कपाटातलं चांगलं सेंट मनगटाला लावलं, मानेला लावलं, आणि धीर येईना म्हणून पुन्हा एकदा मनगटाला लावलं. मी आज सांगणार होते. सगळं. आणि तो हसला तर? "मॅडम, तुमी बी काय" म्हणून सोडून दिलं तर?

दगडाबाईंनी दुधाचा चहा दिला. करडं अंगणभर उड्या मारत होती. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "परम्या तिकडं शेडात हाय. जा. मी काय येत न्हाई, माझे पाय दुखतेत." आणि टणकन उठून शेळीच्या मागे धावल्या.

शेड शेताच्या कडेला होतं, पांढऱ्या जाळीच्या दाराचं. जवळ गेले आणि थबकले. आत पाऊस पडत होता. स्पष्ट ऐकू येत होता, पत्र्यावर नाही, पानांवर पडणारा, सारखा, बारीक, भुरभुर. बाहेर लख्ख ऊन.

"परमेश्वर?"

तो आतून जाळीजवळ आला, हातात तुतीच्या फांद्या. माझ्याकडे बघितलं, गजऱ्याकडे बघितलं, आणि भान विसरल्यासारखा उभा राहिला. मग त्याने हवेत हुंगलं.

"सेंट लावलंय?"

"…का?"

"आत न्हाई येता येणार. अळ्यांना वास चालत न्हाई. खायच्या थांबतेत." तो इतका ओशाळला होता की मला हसावं का रडावं कळेना. "फुलंबी… न्हाई चालत."

म्हणजे ज्याच्यासाठी एवढं नटले, त्याच्याच दारात अडवले गेले. लाखभर अळ्यांनी.

"ठीक आहे. मी इथूनच बोलते," मी म्हणाले. रागात बोलणं मला नेहमीच सोपं गेलंय. "आत पाऊस कसला पडतोय?"

"पाऊस न्हाई. खातेत त्या. मोठ्या झाल्या की असाच आवाज येतोय."

मी जाळीला बोटं लावली. आमच्यात एवढंच अंतर होतं.

"तुम्ही विचारलं होतं, ओळ सुटली कशी. दोनदा विचारलं. मी दोनदा टाळलं."

"न्हाई सांगायचं तर—"

"ऐकून घ्या ना! मी ते कलम झोपेत म्हणू शकते. त्या दिवशी मी जागी होते म्हणून विसरले. फळ्यावर शेळी लिहिलं, आणि सकाळच्या जीपमधला माणूस आठवला. त्याचं हसणं आठवलं. बस. कायदा नाही, काही नाही, तोच होता डोक्यात. दगडाबाईंची करडं गेली ती माझ्या या… या वेडेपणामुळे. वर्गासमोर मी चूक सांगितली, कारण नाही सांगितलं. ते फक्त तुम्हाला सांगायचं होतं." मी जाळी घट्ट धरली. "मला तुम्ही आवडता. झालं. आता काय हसायचं ते हसा."

तो हसला नाही. फांद्या हातातच राहिल्या. मागे पाऊस पडतच होता.

"मग म्या उगंच तुमच्यावर चिडलो की," तो शेवटी म्हणाला. "निम्मी चूक तर माझी निघाली."

"कशी काय?"

"हसलो तर मीच होतो." त्याने जाळीच्या पलीकडून माझ्या बोटांसमोर आपली बोटं टेकवली. नखं पुन्हा हिरवी झाली होती. "चूकबी अर्धलीनं घेऊ आपण. निम्मी तुमची… निम्मी माझी. मला तर त्या दिवशीपासून अळ्या मोजता येईनात. तुमच्यावर राग आलता ना, तोबी याचाच लई आलता, की त्या मॅडम नेमक्या तुमीच का निघालात म्हणून."

मी मागे वळले. शेडाच्या कोपऱ्यावर पाण्याची टाकी होती. गजरा सोडून कठड्यावर ठेवला. मनगटं चोळून चोळून धुतली, मान धुतली, कानामागे धुतलं, इतकं की ड्रेसचा गळा भिजला. आत रोग जाऊ नये म्हणून दाराशी ठेवलेल्या चुन्याच्या पाण्यात पाय बुडवले. परत आले तेव्हा तो जाळी धरून तसाच उभा होता.

"आता?" मी विचारलं.

त्याने दार उघडलं. "ये," तो म्हणाला. मग स्वतःच दचकला, त्या शब्दाने. मी दचकले नाही. मी आत गेले.

आत गारवा होता. रांगेत मांडलेल्या रॅकवर पानांखाली पांढऱ्या अळ्या, असंख्य, आणि तो पाऊस आता चारही बाजूंनी. त्याने माझ्या हातात फांद्या दिल्या, कशा ठेवायच्या ते दाखवलं, हळू, दाबून नाही.

"एवढ्या सगळ्यांना पाला टाकायला किती वेळ लागतो?"

"एकट्याला दोन तास."

"आणि दोघांना?"

त्याने माझ्या ओल्या केसांकडे बघितलं, मग हातातल्या फांदीकडे, आणि अगदी प्रामाणिकपणे विचार करून म्हणाला,

"दोघांना… जास्तच लागंल, सायली."